ठिबक संचातील शेवाळ : ओळख व बंदोबस्त

मे महिन्यात जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी निसवणीच्या अवस्थेतील केळीच्या एका झाडाला दररोज १८ ते २२ लिटर पाणी लागते. ताशी ४ लिटरची तोटी असेल तर आपण पाच तास संच चालवता आणि झाडाला वीस लिटर पाणी मिळाले असे समजता. परंतु बागेत फिरताना काही ओळी हिरव्यागार व काही ओळींत झाडे ठेंगणी, पाने लोंबलेली, घड आखूड असे दृश्य दिसते. रोपे एकाच लॉटची, खते तीच, जमीनही तीच. मग फरक का? पुष्कळदा त्याचे कारण मातीत नसून तोटीत असते. तोटीतून ताशी ४ ऐवजी अडीच लिटरच पाणी पडत असेल, तर त्या झाडाला वीसच्या जागी साडेबारा लिटर मिळते आणि नेमके निसवणीत ते उपाशी राहते.

असे झाले की बाग एकसारखी कापणीस येत नाही. व्यापारी पहिल्या फेरीत भरलेले घड घेऊन जातो आणि मागे राहिलेल्या मालाचा भाव पडतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन असले तरी घड पाहूनच भाव ठरतो. याहून वाईट म्हणजे, दोन-तीन वर्षांत संच चोंदला की काही शेतकरी लॅटरल गुंडाळून भंगारात देतात व पुन्हा मोकाट पाणी सुरू करतात. "ठिबक आमच्या पाण्याला मानवत नाही," असे ते सांगतात. तापीकाठी विहिरींची पातळी खाली जात असताना हा सौदा परवडणारा नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर असो की धुळे जिल्ह्यातील शिरपूर, ठिबकाशिवाय केळी आता शक्य नाही असेच म्हणावे लागेल. तेव्हा संच चोंदतो कशाने, हे आधी समजून घेतले पाहिजे.

शेवाळ येते कोठून?

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन निरनिराळ्या वनस्पती येतात. पावसाळ्यात भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर किंवा बंगल्यापुढील हिरवळीत मखमलीसारखे वाढते ते एक. विहिरीच्या व शेततळ्याच्या पाण्यात हिरवे धागे, गोळे किंवा नुसताच हिरवा रंग दिसतो ते दुसरे. ठिबक संचाला त्रास होतो तो या दुसऱ्या, पाण्यातील शेवाळाचा.

त्याला वाढीसाठी तीन गोष्टी लागतात : उजेड, साचलेले कोमट पाणी आणि नत्र व स्फुरद. खानदेशात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत पहिल्या दोन गोष्टींना तोटा नाही. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा आपणच पुरवतो. शेततळ्याच्या काठाशी जनावरे धुणे, शेणखताचा ढीग विहिरीच्या चढाला लावणे, बांधावरून खताचे पाणी तळ्यात उतरणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. एक कारण मात्र सहसा लक्षात येत नाही. व्हेंच्युरीतून युरिया सोडत असताना वीज गेली आणि मोटारीपुढे उलट न येऊ देणारी झडप नसली किंवा ती गळकी असली, तर मुख्य नळीतील खताचे पाणी परत विहिरीत उतरते. महिन्यातून चार वेळा असे झाले की त्या विहिरीत शेवाळ माजणारच. विहिरीचे पाणी एकाएकी हिरवे होऊ लागले असेल तर प्रथम ही झडप उघडून पाहावी.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाल्यापासून प्लॅस्टिक अस्तराची तळी खेडोपाडी झाली. विहिरीचे पाणी रात्री तळ्यात सोडायचे आणि सवडीने ठिबकाला द्यायचे ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु विहिरीच्या खोल अंधारात जे पाणी स्वच्छ होते तेच उघड्या तळ्यात पंधरा दिवस उन्हात राहिले की हिरवे होते. शिरपूर भागात नाले रुंद व खोल करून बांधलेल्या साखळी बंधाऱ्यांतून पाणी थेट उचलणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तेथील पाणी स्थिर असते आणि पावसाळ्यानंतर त्यात गाळ व शेवाळ दोन्ही असतात.

आता एक प्रश्न साहजिकच पडेल. लॅटरल तर काळी असते, तिच्यात उजेड शिरत नाही, मग आत शेवाळ वाढते कसे? ते आत वाढत नाही. फिल्टरमधून सुटलेले बारीक शेवाळ आत जाऊन मरते, त्यावर जिवाणू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर नळीच्या आतल्या बाजूला बसतो. हा थर डिंकासारखे काम करतो. पाण्याबरोबर येणारी बारीक माती आणि आपल्या विहिरींच्या जड पाण्यातील चुनखडी त्याला चिकटते आणि तोटीची वाट बंद होते. म्हणून नुसता शेवाळाचा किंवा नुसता क्षारांचा संच आपल्याकडे कमीच आढळतो. दोन्हींचे मिश्रणच अधिक असते. मात्र उघड्यावर टाकलेल्या पांढऱ्या-करड्या पी.व्ही.सी. नळीतून थोडा उजेड आत जातो. ही नळी जमिनीत गाडावी, त्याने तिचे आयुष्यही वाढते.

आधी मोजा, मग औषध

संच चोंदला आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ज्यांना रात्रपाळीची वीज मिळते त्यांना तर तोट्या चालताना दिसतच नाहीत. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. संच पूर्ण दाबाने सुरू करा. प्लॉटमधील पहिली, मधली व शेवटची लॅटरल निवडा. प्रत्येक लॅटरलच्या सुरुवातीची, मधली व शेवटची अशा नऊ तोट्यांखाली एकेक भांडे ठेवा आणि बरोबर १५ मिनिटांनी भांड्यातील पाणी मोजा. ताशी ४ लिटरच्या तोटीतून १ लिटर पाणी यावयास हवे. ९०० मिलिलिटरपर्यंत ठीक समजावे. काही भांड्यांत ८०० च्या खाली आकडा आला तर संच चोंदू लागला असे धरावे. सर्वच भांड्यांत सारखे कमी पाणी आले तर दोष तोटीचा नसून दाबाचा किंवा फिल्टरचा असतो. ही परीक्षा लागवडीनंतर लगेच एकदा करून आकडे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे तुलना करता येते. दर दोन महिन्यांनी ती पुन्हा करावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

नंतर चोंदलेल्या दोन-तीन तोट्या काढून किंवा इनलाइन नळीचा वीतभर तुकडा कापून आत पाहा. हिरवट-काळा, बुळबुळीत व कुजकट वासाचा थर असेल तर शेवाळ व जिवाणू. पांढरी खडबडीत खपली असेल व तिच्यावर आम्लाचा थेंब टाकताच फसफसत असेल तर चुनखडी. तांबूस चिकट गाळ असेल तर लोह. बोटांना खरखरीत लागले तर माती किंवा वाळू, आणि तो दोष निव्वळ फिल्टरचा. दुखणे ओळखल्याशिवाय ॲसिड आणून ओतणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. शेवाळाचा थर आम्लाने फारसा निघत नाही, आणि चुनखडी क्लोरीनने निघत नाही.

तोटीत टाचणी किंवा बाभळीचा काटा घालून पाणी मोकळे करण्याची सवय मात्र सोडून द्यावी. त्याने भोक मोठे होते, त्या झाडाला ताशी सहा-सात लिटर पाणी जाते आणि शेवटच्या झाडांचे पाणी आणखी तुटते.

पाणी उचलतानाच शेवाळ अडवा

पाण्याच्या पृष्ठभागावर शेवाळ असते आणि तळाशी गाळ असतो. त्यामुळे फूट व्हॉल्व्ह तळाला टेकवू नये आणि वरही ठेवू नये. पृष्ठभागापासून दोन ते तीन फूट खाली राहील अशा बेताने तो रिकाम्या प्लॅस्टिक ड्रमला बांधून तरंगता ठेवावा. तळ्यातील पातळी उतरली तरी तो बरोबर उतरत जातो. तोंडाला बारीक जाळीची टोपली बांधावी.

लहान टाकी असेल तर ती झाकणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. उजेड बंद झाला की शेवाळ आपोआप मरते. विहिरीवर हिरवी शेडनेट ताणल्याने शेवाळ कमी होते, पालापाचोळा पडत नाही आणि पोराबाळांच्या दृष्टीनेही ते बरे. मोठे तळे झाकणे खर्चाचे आहे. तेथे चंदेरा मासा सोडल्यास तो पाणी हिरवे करणारे सूक्ष्म शेवाळ खातो व गवत्या मासा पाणवनस्पती खातो. माशांनी तळे काचेसारखे स्वच्छ होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. त्यांच्या विष्ठेतून पाण्यात पुन्हा खतच जाते.

मोरचुदाबद्दल वारंवार विचारणा होते. तळ्यात मोरचूद टाकल्याने शेवाळ मरते हे खरे. प्रमाण दर १,००० लिटर पाण्यास १ ग्रॅम, म्हणजे एक लाख लिटरला १०० ग्रॅम. मोरचूद कापडी पुरचुंडीत बांधून ती दोरीने पाण्यातून सावकाश ओढत फिरवावी. हे काम शेवाळ दिसू लागताच, सकाळी, ऊन असलेल्या दिवशी करावे. आपल्याकडील पाणी जड व विम्ल असते. अशा पाण्यात तांबे लवकर तळाशी बसते व मोरचुदाचा गुण कमी पडतो. म्हणून काही शेतकरी प्रमाण दुप्पट-तिप्पट करतात, ते चुकीचे आहे. मासे मरतात आणि एकदम मेलेले शेवाळ कुजून तेच फिल्टरमध्ये येऊन बसते. शेवाळाचा जाड तवंग असेल तर आधी जाळीने ओढून बाहेर काढावा व बांधावर कुजू द्यावा. तळ्यात मासे असतील तर मोरचूद टाकूच नये हे उत्तम. ज्या विहिरीचे पाणी घरी प्यायला किंवा जनावरांना जाते तिच्यात मोरचूद मुळीच टाकू नये.

फिल्टर

तळ्याचे किंवा नदीचे पाणी असेल तर सँड फिल्टर हवाच. केवळ जाळीच्या फिल्टरवर भागवणे म्हणजे शेवाळाला वाट मोकळी करून देणे. शेवाळ लवचिक असते, दाब वाढला की जाळीतून पिळून पलीकडे जाते. सँड फिल्टरमध्ये ते वाळूच्या थरात अडकते. मात्र वाळू कोनदार, खडकाची दळलेली असावी. नदीतील गोल वाळू भरून फिल्टर भरल्याचे समाधान मिळते, गाळण होत नाही.

फिल्टरच्या अलीकडे व पलीकडे दाबमापक बसवलेला असतो, पण बहुतेकांकडे तो बंद पडलेला किंवा काढून टाकलेला आढळतो. दोन-तीनशे रुपयांची ही वस्तू आहे, ती प्रथम नवी बसवावी. दोन दाबांतील फरक ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत गेला की फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा. उन्हाळ्यात हिरव्या पाण्यावर हे रोज करावे लागते. त्यात आळस करू नये. धुताना बाहेर पडणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे चालू ठेवावे. महिन्यातून एकदा सँड फिल्टरचे झाकण उघडून वाळूत हात घालून पाहा. वाळूचे गोळे होत असतील तर आत शेवाळाचा थर बसला आहे. अशा वेळी ब्लिचिंग पावडरचे निवळलेले पाणी टाकीत भरून २४ तास ठेवावे व नंतर उलट धुवावे.

सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि लॅटरलची टोके दर आठ ते पंधरा दिवसांनी उघडून गाळ काढावा. सर्व टोके एकदम उघडू नयेत. पाण्याचा वेग कमी पडतो व गाळ आतच राहतो. एका वेळी पाच ते दहा लॅटरल उघडाव्यात. पाणी आधी काळे, मग गढूळ, मग स्वच्छ येते. स्वच्छ आल्यावरही मिनिटभर चालू द्यावे.

क्लोरीन प्रक्रिया

एवढे करूनही जो थर बसतो त्यासाठी क्लोरीन द्यावे. ते ब्लिचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट या रूपात मिळते. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते. उघडे पोते उन्हाळ्यात पंपघरात महिनाभर राहिले तर त्यातील बराचसा क्लोरीन उडून जातो व हाती चुना उरतो. म्हणून लागेल तेवढीच आणावी.

प्रमाण काढण्याची रीत अशी. पाण्यात क्लोरीन दशलक्ष भागांत २० भाग ठेवायचे, म्हणजे १,००० लिटर पाण्यात २० ग्रॅम. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या एका एकर केळीत सुमारे १,७८० झाडे बसतात. प्रत्येकी ताशी ४ लिटरची एक तोटी धरल्यास तासाला सुमारे ७,१०० लिटर पाणी वाहते. त्यासाठी १४२ ग्रॅम क्लोरीन लागेल. ३० टक्क्यांची ब्लिचिंग पावडर असल्यास ती सुमारे ४७५ ग्रॅम भरते. १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असल्यास सुमारे १ लिटर ४०० मिलिलिटर. झाडाला दोन तोट्या असतील तर हे सर्व दुप्पट करावे.

ब्लिचिंग पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून दोन-तीन तास निवळू द्यावी. वरचे निवळ पाणी कापडातून गाळून व्हेंच्युरीतून सोडावे. तळाचा पांढरा साका संचात जाऊ देऊ नये. तो चुनाच असतो आणि रोग्याला औषधाऐवजी विष दिल्यासारखे होते. ज्यांच्या विहिरीचे पाणी फार जड आहे, म्हणजे घागरीच्या आत पांढरा थर बसतो, त्यांनी थोडा जास्त खर्च करून सोडियम हायपोक्लोराइटच वापरावे.

सिंचन संपत आले असताना शेवटचा तासभर क्लोरीनचे पाणी सोडावे. शेवटच्या लॅटरलच्या टोकाला क्लोरीनचा वास येतो का पाहावे. पोहण्याच्या तलावासाठी मिळणारी तपासणी पेटी असल्यास फारच चांगले, टोकाशी १ ते २ भाग क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. तेथे काहीच पोचत नसेल तर याचा अर्थ वाटेतील घाणीनेच ते खाल्ले आहे, प्रक्रिया पुन्हा करावी. मग संच २४ तास बंद ठेवावा व दुसऱ्या दिवशी सर्व टोके धुऊन काढावीत. उन्हाळ्यात हिरव्या पाण्यावर महिन्यातून एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रक्रिया पुरते. नुकत्याच लावलेल्या उतिसंवर्धित रोपांना पहिला महिनाभर क्लोरीन देऊ नये. युरिया, अमोनियम सल्फेट अथवा कीटकनाशकाबरोबर क्लोरीन कधीही सोडू नये. त्याच आठवड्यात ठिबकमधून ट्रायकोडर्मा किंवा जिवाणू खते सोडायची असतील तर ती पुढे ढकलावीत, नाहीतर तीही मरतील.

आम्ल प्रक्रिया

खपली पांढरी असेल तर आम्ल. एक लिटर आपलेच पाणी घेऊन त्यात बाजारातील हायड्रोक्लोरिक आम्ल इंजेक्शनच्या सिरिंजने थोडे थोडे टाकत जावे व दर वेळी लिटमससारख्या सामू कागदाने पाहावे. सामू ४ वर येण्यास किती मिलिलिटर लागले हे लिहावे. समजा १ मिलिलिटर लागले, तर वरील एका एकरात पंधरा मिनिटांत वाहणाऱ्या सुमारे १,८०० लिटर पाण्यास १ लिटर ८०० मिलिलिटर आम्ल लागेल. ते पंधरा मिनिटांत एकसारखे सोडावे, शेवटच्या तोटीच्या पाण्याचा सामू ४ आला की मोटार बंद करावी, २४ तासांनी संच धुवावा.

आम्ल नेहमी पाण्यात ओतावे. आम्लात पाणी ओतल्यास ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : आम्ल व ब्लिचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो व बंद पंपघरात माणूस दगावू शकतो. एकच बादली दोहोंसाठी वापरू नये, दोन्ही डबे शेजारी ठेवू नयेत. संचात क्षार व शेवाळ दोन्ही असतील तर आधी आम्ल द्यावे, संच धुवावा, दोन दिवस साध्या पाण्यावर चालवावा आणि मग क्लोरीन द्यावे.

आपल्या पाण्याचे क्षार किती हे नेमके माहीत नसेल तर पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून पाल किंवा ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रात, धुळेकरांनी धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.

हिरवळीतील शेवाळ

काही वाचक रोपवाटिका चालवतात व बंगल्यांसाठी हरळीची हिरवळ पुरवतात. त्यांच्यासाठी थोडक्यात. पावसाळ्यात सावलीच्या, चोपण झालेल्या काळ्या जमिनीत हिरवळीवर मखमली शेवाळ येते. इंग्रजी पुस्तकांत त्यावर चुना टाकावा असे सांगितलेले असते. ते आम्लधर्मी जमिनीसाठी आहे. आपल्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर, तेथे चुन्याचा उपयोग शून्य. झाडाच्या फांद्या विरळ करून ऊन येऊ द्यावे, काट्याने जमिनीला भोके पाडून त्यांत जाड रेती भरावी, पाण्याचा निचरा काढावा व हिरवळ फार खुरटी कापू नये. तातडीने घालवायचे असल्यास गुंठ्याला एक ते दीड किलो हिराकस पाण्यात विरघळवून फवारावा. आठ-दहा दिवसांत शेवाळ काळे पडते, ते दाताळ्याने ओढून काढावे. फरशीवर हिराकसाचे पाणी पडू देऊ नये, तांबडे डाग जात नाहीत. सावली व ओल तशीच राहिली तर पुढच्या श्रावणात शेवाळ पुन्हा येईल.

बाग संपल्यावर

पिलबागेची शेवटची कापणी झाली की लॅटरल तशाच ओढून ढिगात टाकण्याची पद्धत आहे. आत राहिलेला ओला थर उन्हात वाळून दगडासारखा होतो व पुढे कशानेच निघत नाही. म्हणून लॅटरल काढण्यापूर्वी एकदा क्लोरीन द्यावे, टोके उघडून पूर्ण पाणी काढावे, मोठे वेटोळे करून दोन्ही तोंडे बांधावीत आणि उंदरांपासून दूर, सावलीत टांगून ठेवावीत. सँड फिल्टरमधील पाणी तळाच्या बुचातून काढून टाकावे. नवीन लागवडीस संच जोडल्यावर नऊ भांड्यांची परीक्षा रोपे लावण्याआधी करावी, कारण तेव्हा खराब लॅटरल बदलणे सोपे असते.